बारीपाड्याचे जंगल: नियम कोणाचा, लाभ कोणाचा

बारीपाड्याबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात बहुतेक वेळा उजाड डोंगर हिरवा कसा झाला ही गोष्ट असते, आणि ती खरी आहे. पण साक्री, नवापूर, अक्कलकुवा किंवा यावल भागातल्या एखाद्या पाड्याला तीच वाट धरायची असेल, तर हिरव्या डोंगराच्या वर्णनाने त्याचे काम भागत नाही. गावाने नेमके काय ठरवले, आधी काय केले आणि नंतर काय, ठरवलेले पाळले कोणी, हे त्याला कळायला हवे. हे प्रकरण त्याच अंगाने मांडतो आहे.

डोंगर बोडका कसा झाला

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या पुढे डोंगरात हा पाडा आहे. पलीकडे गुजरातची हद्द. घरे शंभराच्या आसपास, वस्ती आदिवासी, प्रामुख्याने कोकणा समाजाची. खान्देश म्हटले की आपल्या मनात काळी जमीन, कापूस, केळी आणि मे महिन्याचा रखरखाट येतो. हा कोपरा तसा नाही. इथे सह्याद्रीचे उतार आहेत, आणि पाऊस धुळे शहराच्या बाजूपेक्षा चांगलाच जास्त पडतो. तरीही तीन-साडेतीन दशकांपूर्वी उन्हाळा लागला की इथल्या बायकांना हंडे घेऊन लांबवर जावे लागे.

याचे कारण जमिनीच्या पोटात आहे. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम आणि त्यावर मातीचा पातळ थर. झाडोरा शाबूत असतो तेव्हा पावसाचा जोर पानांवर आणि पालापाचोळ्यावर मोडतो, पाणी मुळांच्या वाटेने मुरमात उतरते आणि कातळाच्या भेगांमधून हळूहळू झऱ्याला येऊन मिळते. झाडोरा गेला की तेच पाणी माती बरोबर घेऊन नाल्याला लागते आणि पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात गावाच्या हद्दीबाहेर गेलेले असते. म्हणजे भरपूर पाऊस पडूनही गाव कोरडे. माती गेली की नागली आणि भाताचे पीक उतरते. पीक उतरले की दिवाळीनंतर घराला कुलूप लावून गुजरातेत मजुरीला जावे लागते. जे मागे राहतात ते लाकूड विकतात, मोहाची दारू गाळतात आणि त्यासाठी आणखी लाकूड जाळतात. प्रत्येक दुखणे पुढच्या दुखण्याला जन्म देत होते.

या साखळीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जंगल कागदोपत्री वनखात्याचे होते. गावकरी त्यात शिरला की कायद्याने गुन्हेगार ठरे. एक फांदी तोडली तरी चोरी आणि अख्खे झाड तोडले तरी चोरी. मग माणूस जे हाती लागेल ते एकदमच तोडतो. कोवळे रोप मागे ठेवावे असे त्याला का वाटावे? ते उद्या दुसरा कोणी नेणारच असतो. मला वाटते, त्या काळातल्या तोडीला गरिबीइतकेच हेही कारण होते. त्या जंगलाचा उद्या आपला आहे, असे कोणालाच वाटत नव्हते.

आधी बंदी, मग लागवड

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला गावातलाच एक तरुण, चैत्राम पवार, एम.कॉम. होऊनही नोकरीच्या मागे न लागता गावात राहिला. वनवासी कल्याण आश्रम या आदिवासी भागात काम करणाऱ्या संस्थेचे डॉ. आनंद फाटक यांची त्यांना साथ होती. पुढे 2025 मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्यांचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. पण या प्रकरणात महत्त्वाचा काळ आहे तो पहिल्या काही वर्षांचा, तिथे पुरस्कार नव्हते आणि पैसाही नव्हता.

गावाने बैठका घेऊन नियम केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, वणवा लावायला बंदी. नियम मोडणाऱ्याला दंड, आणि तो गावातल्याला तसाच बाहेरच्याला. राखणीची व्यवस्था गावाचीच. आणखी एक नियम मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. जंगलात बैलगाडी न्यायची नाही. वाळलेले लाकूड आणायचे तर डोक्यावर मोळी बांधून आणा.

वरवर पाहता हा किरकोळ निर्बंध वाटतो. पण डोक्यावरच्या मोळीत घरची चूल पेटेल एवढेच लाकूड मावते, आणि गाडीभर लाकूड चुलीसाठी नसते, ते बाजारासाठी असते. गावाने कोणाच्या घरात किती सरपण आहे हे मोजत बसण्याची उठाठेव केली नाही, फक्त वाहतुकीचे साधन ठरवून दिले. गरज आणि विक्री यांच्यातली रेषा आपोआप आखली गेली, आणि तीही दुरून दिसेल अशी. राखणदाराला वाद घालावा लागत नाही. गाडी दिसली की नियम मोडलाच. वनव्यवस्थापनाच्या जाड आराखड्यांत इतका नेमका नियम क्वचित सापडतो, कारण आराखडा करणाऱ्याला मोळी आणि गाडी यांतला फरक अंगवळणी पडलेला नसतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. आपल्याकडे पर्यावरण म्हटले की पहिल्यांदा खड्डे खणले जातात, रोपे येतात, फोटो निघतात. बारीपाड्यात रोपे लावली गेलीच, हजारोंनी लावली गेली. पण जंगल परत आले ते मुख्यतः राखण्याने. साग, सादडा, धावडा, पळस यांची झाडे तोडली तरी जमिनीखालचे खोड आणि मुळे बरीच वर्षे जिवंत असतात. पावसाळ्यात त्या खुंटांना धुमारे फुटतात. शेळीने ते खाल्ले नाहीत, उन्हाळ्यात वणव्याने जाळले नाहीत आणि पुन्हा कुऱ्हाड पडली नाही, तर काही वर्षांत तिथे माणसाच्या उंचीच्या वर झाडी जाते. या धुमाऱ्याला पाणी घालावे लागत नाही, कारण त्याच्याकडे जुन्या झाडाची मुळे तयार असतात. नर्सरीतून आणलेल्या रोपाला हे बळ कुठून यायचे? म्हणून ज्या डोंगरावर खुंट शिल्लक आहेत तिथे चराईबंदी लागवडीपेक्षा स्वस्त आणि खात्रीची. ज्या डोंगरावर खुंटही उपटले गेले आहेत तिथे मात्र हा उपाय चालणार नाही, आणि दुसऱ्या गावाने आपला डोंगर आधी याच नजरेने फिरून पाहिला पाहिजे.

चराईबंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हे इथे स्पष्ट लिहायला हवे. ज्याच्याकडे बैलजोडी आणि शेतीचा बांध आहे त्याला गवत मिळते. ज्याचा संसार चार शेळ्यांवर चालतो त्याला बंदी दुसऱ्या दिवशी जाणवते. जंगलातून सरपण आणणाऱ्या बाईला तर ती रोजच जाणवते. बारीपाड्यात बंदीबरोबर काही वाटा उघड्या ठेवल्या गेल्या. मोळीची मुभा होती, सरपण कमी लागावे म्हणून सुधारित चुली आल्या. या वाटा नसत्या तर पहिल्याच उन्हाळ्यात बंदी मोडली असती असे मी ठामपणे म्हणेन. कुऱ्हाडबंदीचे ठराव खान्देशात कितीतरी ग्रामपंचायतींनी केले. ठराव करणे अवघड नाही. शेळीवाल्याच्या घरी उद्या काय, याचे उत्तर त्या ठरावाला चिकटवले आहे का, हे पाहिले की तो टिकेल की नाही याचा अंदाज येतो.

सरकारी धोरणाचाही या काळात आधार मिळाला. महाराष्ट्राने 1992 मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचा, म्हणजे गाव आणि वनखाते यांनी मिळून जंगल राखण्याचा, निर्णय घेतला आणि गावच्या वनसंरक्षण समितीला वनखात्याशी समोरासमोर बसायची जागा मिळाली. 2003 मध्ये इफाड या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने गावाच्या कामाची पुरस्कार देऊन दखल घेतली. दारूबंदी आणि शाळेची हजेरी हेही नियमांच्या त्याच यादीत आले. मूल शाळेत नाही तर पालकाला दंड, शिक्षक गैरहजर तर शिक्षकालाही. राखलेल्या जंगलाचा आकडा आज चारशे हेक्टरांहून अधिक सांगितला जातो.

चर आणि बंधारे

जंगलाची राखण बसल्यावर पाण्याची कामे झाली. उतारावर सुमारे 5 किलोमीटर सलग समतल चर आणि नाल्यांवर लहानमोठे बंधारे, बरेचसे श्रमदानातून.

समतल चर म्हणजे डोंगराच्या अंगावर एकाच उंचीवर खणलेली अरुंद नाली. तिची सगळी किमया त्या 'एकाच उंची'त आहे. चर एका टोकाला जरा जरी खाली गेला, तर सगळे पाणी त्या टोकाला धावते, बांध फोडते आणि जिथे ओघळ नव्हती तिथे नवी ओघळ तयार करते. म्हणून समपातळीची रेषा आधी ठरवून, फक्की टाकून मगच कुदळ मारायची. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला रचायची. ती भुसभुशीत, ओलसर माती म्हणजे बियांसाठी आयते अंथरूण. सुरुवात माथ्यापासून करायची, नाल्यापासून नाही. वरचे पाणी वरच अडले की खालच्या बंधाऱ्यावर गाळाचा आणि पुराचा ताण येत नाही. खान्देशात गाळाने भरून सपाट झालेले सिमेंट बंधारे जागोजागी दिसतात. त्यातल्या अनेकांच्या वरचा डोंगर पाहा, त्यावर ना चर आहे ना झाडी.

परिणाम दिसायला वर्षे लागली, पण दिसले. विहिरींना पाणी टिकू लागले. ज्या गावाला उन्हाळ्यात पाण्यासाठी दुसरीकडे जावे लागे, ते टंचाईत शेजारच्या गावांना पाणी देण्याच्या स्थितीत आले. इंद्रायणी भाताचे पीक घेऊन तो तांदूळ गावाच्या नावावर विकला जाऊ लागला. मजुरीसाठी बाहेर जाणे खूपच घटले.

याच जिल्ह्यातल्या शिरपूरची आठवण इथे होते. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे 2004 पासून नाले खोल आणि रुंद करून बंधाऱ्यांची मालिका बांधली गेली. तो प्रदेश वेगळा. तापीच्या गाळाची खोल पिवळी माती आहे, वरचे पाणी आपसूक खाली मुरत नाही, म्हणून तिथे यंत्रे लावून खोल जावे लागले. त्या कामाने पाणी साठले, विहिरी भरल्या, हे तिथल्या शेतकऱ्यांनी अनुभवले आहे. दोन्ही प्रयोगांची तुलना पाण्याच्या आकड्यांवरून करू नये असे मला वाटते. प्रश्न पुढचा आहे. विहीर भरल्यावर त्यातून किती उपसायचे, कोणते पीक घ्यायचे, हे कोण ठरवणार? जेसीबी पाणी साठवू शकतो, वाटू शकत नाही. यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात ठिबक घरोघर पोहोचले, तरी भूजल खोल गेले, कारण वाचलेले पाणी नव्या लागवडीला गेले. नुसती साठवण आणि नुसती काटकसर, दोन्हींना उपशाच्या नियमाची जोड लागते.

ताटातले जंगल

नियम दंडाच्या भीतीने काही वर्षे चालतो. बारीपाड्याचा तीन दशके चालला. त्यामागे मला सर्वांत मोठे कारण दिसते ते असे की जंगल राखल्याचा फायदा रोजच्या ताटात दिसू लागला, आणि तो बायकांच्या हातून दिसू लागला.

2004 पासून गावात वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. आजूबाजूच्या पाड्यांतल्याही बायका रानातल्या भाज्या आणि कंद शिजवून आणतात, बरोबर ती वनस्पती ठेवतात, कुठे मिळते, केव्हा खुडायची, कशी शिजवायची हे सांगतात. टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली, बांबूचे कोंब यांची नावे आता शहरातही ऐकू येतात. पण स्पर्धेचे खरे मोल माहितीच्या त्या भागात आहे जो पुस्तकात बघून जमत नाही. कडूकंदाचेच घ्या. हा वेलावर आणि जमिनीत धरणारा कंद नुसता उकडून खाल्ला तर जीभ कडू होते आणि पोटालाही त्रास होतो. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख लावून उकळायच्या, मग वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा जाऊ द्यायचा, चाखून पाहायचे आणि मगच शिजवायचे. चकती किती पातळ, राख किती, पाण्यात किती वेळ, हे हाताला माहीत असते. पूर्वी दुष्काळात याच कंदांनी घरे तगवली.

ही माहिती असलेली म्हातारी गावात असते, पण तिला कोणी विचारत नाही. मुलगी शाळेत जाते, आजीच्या रानभाजीची तिला लाज वाटू लागते, आणि एका पिढीत ज्ञान संपते. स्पर्धेने त्या आजीला परीक्षकांसमोर उभे केले. बक्षीस छोटे असेल, पण ज्या गोष्टीला गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडले जाई तिला मान मिळाला. आणि ज्या बाईला ठाऊक आहे की अमुक ओहोळाच्या काठी भारंगी येते, ती त्या ओहोळाकाठची झाडी तोडू देत नाही. जैवविविधतेची नोंदवही हा 2002 च्या जैवविविधता कायद्याने सांगितलेला सोपस्कार अनेक ग्रामपंचायतींत कोणा एजन्सीकडून भरून घेतला जातो आणि कपाटात जातो. इथली नोंदवही चुलीवर शिजते.

हे काही नवे नाही

बारीपाडा हा अपवाद आहे, तिथे एक असामान्य माणूस भेटला, असे म्हणून विषय संपवण्याची सवय आपल्याला आहे. ती मला पटत नाही, आणि त्याचे कारण याच तालुक्यात आहे. साक्री तालुक्यात उगम पावणाऱ्या पांझरेवर काही शतके फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, कोणत्या फडात कोणते, हे मिळून ठरवायचे आणि दरवर्षी फेरपालट करायचा. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, तंटा मिटवायला पंच. या सगळ्यांचे मोल लाभ घेणारे शेतकरीच देत. ज्याची जमीन पाटाच्या शेवटाला आहे त्यालाही पाणी मिळायचे, कारण सगळ्यांचे पीक एक आणि पाळी ठरलेली. तरुण अभियंता विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला खान्देशात होते आणि पांझरेच्या पाण्यावर दातर्तीला त्यांनी नळाचा सायफन, म्हणजे पात्र ओलांडून पाणी पलीकडे नेणारी नळवाट, बांधला. पण त्यांच्या कितीतरी आधी इथल्या शेतकऱ्यांनी पाणी वाटून घ्यायचे शास्त्र बसवलेले होते.

फड आणि बारीपाडा शेजारी ठेवून पाहा. एकीकडे पाणी, दुसरीकडे जंगल, पण बांधणी सारखी. हद्द ठरलेली. वाटेकरी कोण हे ठरलेले. नियम त्यांनीच केलेला, राखणदार त्यांच्याच पैशाचा, दंड त्यांच्याच पंचायतीत. गाव करी ते राव न करी, ही म्हण खान्देशाने पाटावर जगून दाखवली आहे. फड कमजोर झाले ते वरच्या अंगाला धरणे झाली, उपसा पंप आले, आणि पाणी कधी सुटणार हा निर्णय पंचांच्या हातून कार्यालयात गेला तेव्हा. नियम करणारा आणि नियम पाळणारा वेगवेगळे झाले.

कायद्याचा आधार आणि उरलेली जोखीम

बारीपाड्याने जंगल राखायला घेतले तेव्हा त्याला त्या जंगलावर कायदेशीर हक्क नव्हता. नुसत्या ऐक्यावर राखण चालली. 2006 च्या वनहक्क कायद्याने चित्र बदलले. त्याच्या कलम 3(1)(झ) प्रमाणे परंपरेने राखलेल्या सामूहिक वनसंसाधनाचे, म्हणजे गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या सगळ्यांच्या जंगलाचे, रक्षण, पुनर्निर्मिती आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळतो. कलम 5 ने वन्यजीव, जंगल आणि पाणलोट राखण्याचा अधिकार आणि कर्तव्य ग्रामसभेकडे दिले. बारीपाड्यालाही सामूहिक वनहक्क मिळाला. शिवाय पश्चिम साक्री अनुसूचित क्षेत्रात असल्याने पेसा हा आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा कायदा आणि त्याखालचे महाराष्ट्राचे 2014 चे नियम पाड्याच्या ग्रामसभेला लागू पडतात. तीस वर्षांपूर्वी जे धाडसाने करावे लागले ते आज हक्काने करता येते. म्हणून आजच्या गावाला सबब उरलेली नाही, आणि सरकारी कार्यालयांनाही नाही.

जोखीम संपली आहे असे मात्र नाही. इतकी वर्षे एका माणसाभोवती फिरलेले काम त्याच्यानंतर कसे चालेल, हा प्रश्न प्रत्येक आदर्श गावापुढे असतो. बंदीच्या बैठकीला बसलेली पिढी आता म्हातारी होते आहे. ज्यांनी बोडका डोंगर पाहिलाच नाही त्या मुलांसाठी हिरवे जंगल ही गृहीत धरलेली गोष्ट आहे. त्यांना शिक्षणानंतर गावात राहायचे असेल तर तांदूळ, वनभाज्या, मध, बांबू यांतून बऱ्यापैकी पैसा मिळाला पाहिजे. आणि पाहुण्यांची वर्दळ वाढली की वनभाजीला बाजार फुटतो. बाजार फुटला की जास्त खुडले जाते. मोळी आणि गाडी यांतली जी रेषा लाकडासाठी आखली होती, तीच आता भारंगी आणि करटोलीसाठीही आखावी लागेल. किती खुडायचे, कंद काढताना डोळा मातीत परत ठेवायचा की नाही, बाहेरच्या व्यापाऱ्याला थेट रानात येऊ द्यायचे का, हे ग्रामसभेपुढचे पुढचे विषय आहेत.

शेजारच्या गावांपुढचा विषय त्याहून साधा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी पहिल्याच पायरीवर अडतो. सामूहिक वनसंसाधनाच्या दाव्यासाठी गावाची पारंपरिक हद्द सांगावी लागते, आणि डोंगरावर दोन पाड्यांची हद्द बहुधा एकमेकींवर चढलेली असते. दावा कार्यालयात गेल्यावर तो वाद उफाळला तर फाइल वर्षानुवर्षे पडून राहते. म्हणून अर्जाच्या आधी दोन्ही पाड्यांतले जाणते एकत्र डोंगर चढतात, नाला, खडक, देवाची जागा, जुने झाड अशा खुणा दोघांच्या संमतीने लिहून घेतात, समाईक पट्ट्यात गुरे कोणाची आणि गवत कोणाचे हे तिथेच ठरवतात आणि दोन्ही ग्रामसभांच्या ठरावांत तोच मजकूर जातो, अशी पद्धत ठेवली तर पुढची वाट मोकळी होते. हे काम पावसाळ्याआधी, उन्हाळ्यात घ्यावे. तेव्हा पाने गळलेली असतात, उतार उघडे असतात आणि खुंट कुठे जिवंत आहेत तेही त्याच फेरीत पाहून होते.